मोठ्या वितरकाच्या दफ्तरी: पालघर-बोईसरच्या उमेदवारांसाठी

पालघर, सफाळे, बोईसर, डहाणू या पट्ट्यातून दरवर्षी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका अथवा पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या घरी नोकरीचा विषय निघाला, की तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा कारखाना, किंवा नशिबाने साथ दिली तर अणुविद्युत केंद्र, यांपलीकडे सहसा बोलणे जात नाही. वस्तू जो बनवितो त्याच्याकडची नोकरी आपल्याला समजते, ती जो वापरतो त्याच्याकडचीही समजते; परंतु बनविणाऱ्याच्या दारातून निघालेला माल वापरणाऱ्याच्या दारात पोहोचेपर्यंत ज्याच्या गोदामात राहतो, ज्याच्या भांडवलावर तगतो आणि ज्याच्या शब्दावर विकला जातो, त्या वितरकाच्या पदरची नोकरी म्हणजे नेमके काय, हे विचारले तर चार पावसाळे अधिक पाहिलेल्या पालकांनाही नीट सांगता येत नाही. अशा एखाद्या बड्या कंपनीकडून मुलाखतीचे बोलावणे किंवा नेमणुकीचे पत्र ज्यांच्या हाती आले आहे, त्यांनी रुजू होण्यापूर्वी ज्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात असे मला कळकळीने वाटते, त्या येथे सांगतो.

हा धंदा आजचा नव्हे. न्यूयॉर्कच्या कॉर्टलंड स्ट्रीटच्या परिसरात रेडिओच्या सुट्या भागांचा जो बाजार ‘रेडिओ रो’ या नावाने भरभराटीस आला होता, तेथे चार्ल्स ॲव्हनेट यांनी १९२१ साली शिलकी भागांच्या खरेदी-विक्रीस प्रारंभ केला आणि तेथेच १९३५ साली ॲरो या नावाचे जुन्या रेडिओ-सामानाचे दुकान उघडले गेले. पुढे १९६६ साली वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बांधकामासाठी तो बाजारच भुईसपाट झाला, परंतु त्या दोन दुकानांच्या आज जगभर पसरलेल्या महाकाय वितरक कंपन्या झालेल्या आहेत. आपल्याकडे हीच परंपरा ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडने चालविली, आणि पश्चिम रेल्वेच्या या टोकाच्या दुरुस्ती-कारागिरांना सुटा भाग हवा झाला की सकाळची गाडी धरून ग्रँट रोड गाठण्याचा शिरस्ता अगदी परवापर्यंत होता. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार आणि कंपनीरूप वितरक यांच्यातला भेद मात्र आकारापेक्षा अधिकृततेचा अधिक आहे. बड्या वितरकाचा उत्पादकाशी लेखी करार असतो, माल थेट उत्पादकाकडून येतो, त्याच्या प्रत्येक खोक्याची वंशावळ दफ्तरी नोंदलेली असते, आणि बनावट माल निघाल्यास कोणी जाब द्यावयाचा हे आधीच ठरलेले असते. पगारदार म्हणून तुम्ही ज्या विश्वासाचे राखणदार होता, तो विश्वास या वंशावळीत आहे.

मुलाखतीला जाण्यापूर्वी पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा: ही कंपनी तयार वस्तूंची वितरक आहे की सुट्या भागांची? रेडिंग्टन, इनग्राम मायक्रो, किंवा १९८९ साली मुंबईत स्थापन होऊन २०२४ साली भांडवल बाजारात नोंदलेली राशी पेरिफेरल्स, या कंपन्या मुख्यतः संगणक, छपाईयंत्रे, मोबाइल आणि तत्सम तयार माल देशभरच्या विक्रेत्यांना पुरवितात. ॲरो, ॲव्हनेट, किंवा २०१६ पासून ॲव्हनेटच्याच छत्राखाली आलेली एलिमेंट१४, यांचा भर आयसी, ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, कनेक्टर अशा सुट्या भागांवर असतो. दोन्हीकडे तुमच्या हुद्द्याचे नाव ‘सेल्स एक्झिक्युटिव्ह’ असेच असेल, पण दोन्हीकडचा दिवस वेगळा. तयार मालाच्या वितरणात शंभर रुपयांच्या विक्रीमागे सुटणारा नफा अत्यल्प असतो, म्हणून सारा जीव मालाच्या गतीत आणि उधारीच्या वसुलीत अडकलेला; भाव आठवड्यात फिरतात, सरकारी अधिसूचना रातोरात येतात. ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉप आणि टॅब्लेटच्या आयातीवर परवान्याचे बंधन घालणारी अधिसूचना निघाली आणि लगोलग तिची अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली, त्या मधल्या दिवसांत ‘माल येणार की नाही’ या एकाच प्रश्नाला तोंड देणे हे या कंपन्यांतील कनिष्ठ कर्मचाऱ्याचे काम होऊन बसले. सुट्या भागांचे वितरण याच्या उलट संथ आहे. ग्राहकाचा अभियंता नवीन यंत्राचा नकाशा आखत असताना त्यात तुमच्याकडचा भाग बसावा म्हणून आज केलेली खटपट प्रत्यक्ष मागणीच्या रूपाने फळास येण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात. ज्याला पदविकेत शिकलेली विद्या गंजू द्यावयाची नाही, त्याने दुसऱ्या प्रकाराकडे वळावे असे माझे स्पष्ट मत आहे. प्रारंभीचा पगार कदाचित थोडा कमी पडेल, पण माहितीपत्रक वाचून भागाची निवड करण्याची जी दृष्टी तेथे येते, ती पुढे कोणी काढून घेऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न जागेचा, आणि तो आपल्या भागातील उमेदवारांनी संकोच न करता विचारला पाहिजे. या कंपन्यांची कार्यालये बहुधा अंधेरीपासून विक्रोळीपर्यंत आणि गोदामे भिवंडीच्या परिसरात, मानकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर अशा गावांच्या शिवारात असण्याचा संभव अधिक. २०१३ साली डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या आल्या तेव्हापासून अंधेरीची नोकरी बोईसरहून करता येते, असे पुष्कळांना वाटते. ती करता येते हे खरे, पण बहुधा विरारला गाडी बदलून एका बाजूला दोन तासांहून अधिक वेळ मोजावा लागतो, आणि सायंकाळी सातला सुटलेला माणूस घरी जेवावयास बसतो तेव्हा गल्लीतले दिवे मालवलेले असतात. भिवंडीचे गोदाम नकाशावर जवळ दिसते. तथापि वसई रोडला उतरून दिव्याकडे जाणारी मेमू पकडणे, भिवंडी रोडला उतरणे आणि तेथून रिक्षाने गोदाम गाठणे, यांत एक गाडी चुकली की पाळीची हजेरी चुकते, कारण त्या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. म्हणून गोदामातले काम स्वीकारावयाचे असेल तर तेथेच खोली घेण्याची तयारी ठेवावी, किंवा कंपनीची बस कोठपर्यंत येते याची चौकशी आधी करावी. आणि विक्री विभागातील जागा असेल तर एक गोष्ट आवर्जून सुचवावी: तारापूर, वसई, वाडा, शक्य झाल्यास वापीपर्यंतचा मुलूख आपल्याकडे द्यावा. मुंबईत बसलेल्या व्यवस्थापकाला चिल्हार फाट्यावरून आत वळणारा रस्ता पावसाळ्यात कसा असतो हे ठाऊक नसते, कोणत्या कारखान्यात खरेदीचा निर्णय कार्यालयात होतो आणि कोणत्या कारखान्यात तो देखभाल विभागातल्या वयस्क फोरमनच्या एका शब्दावर होतो हेही ठाऊक नसते. ही माहिती ज्याच्यापाशी आहे त्याला मोठ्या कंपनीत आपोआप एक स्थान मिळते.

गोदामाच्या नोकरीला आपल्याकडे उगाच कमी लेखतात. तेथे सहा महिने काढलेला माणूस विक्रीत गेला तर इतरांहून चांगला ठरतो, असे माझे निरीक्षण आहे. आयसी ज्या चकतीवर गुंडाळून येतात तिला रील म्हणतात, आणि ओलसर हवेने बिघडणाऱ्या आयसींची रील जाड, चंदेरी, हवाबंद पिशवीत आलेली असते. पिशवी फोडली की आत ओलावा शोषणारी पुडी आणि रंगीत ठिपक्यांचे एक छोटे कार्ड दिसते; ते ठिपके निळे असले तर माल कोरडा, गुलाबी पडू लागले तर आत दमट हवा शिरली. पिशवीवरच्या चिठ्ठीवर ‘स्तर ३’ असे छापले असेल, तर तीस अंश सेल्सिअस आणि साठ टक्के आर्द्रतेच्या आत पिशवी फोडल्यापासून १६८ तासांत तो भाग पाटीवर डागून झाला पाहिजे; त्यापुढे गेला तर ठरल्या तापमानाला भट्टीत शेकून कोरडा करावा लागतो, अन्यथा डागताना आतली वाफ त्या आयसीला तडा देते, आणि तो तडा डोळ्यांना दिसत नाही. आता जुलै महिन्यातली पालघरची हवा ज्याने अंगावर घेतली आहे त्याला हे सांगावयास नको, की साठ टक्के आर्द्रता ही येथे केवळ वातानुकूलित खोलीत मिळणारी चीज आहे. ग्राहकाने पाचशे नग मागितले म्हणून दोन हजारांची रील खोलून मोजून देणारा कामगार, मनगटाला भूसंपर्काचा पट्टा बांधून, उरलेला माल पुन्हा हवाबंद करून त्यावर वेळ लिहितो की नाही, एवढ्याशा गोष्टीवर तारापूरमधल्या एखाद्या नियंत्रक-यंत्राचे पुढच्या वर्षीचे आयुष्य अवलंबून असते. शिवाय प्रत्येक चिठ्ठीवरचा निर्मितीचा सप्ताह आणि घाण्याचा क्रमांक संगणकात चढविणे, बीजक, चलन आणि ई-वे बिल यांचे आकडे परस्परांशी जुळविणे, हे काम कंटाळवाणे खरे. पण महाराष्ट्राबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या आणि राज्यातल्या राज्यात फिरणाऱ्या एक लाखावरच्या मालाला ते ई-वे बिल नसेल, तर मस्तान नाक्यावर अडविलेला टेम्पो सोडविण्यास कोणाची पुण्याई उपयोगी पडत नाही.

या सर्व व्यवसायाचे मर्म मात्र तारखेत आहे. वितरकाकडे विकण्यासारखी स्वतःची वस्तू नसते. उत्पादकाची वस्तू अमुक दिवशी तुमच्या फाटकात उतरेल, ही एकच गोष्ट त्याची स्वतःची. तारापूरच्या एखाद्या पोलाद कारखान्यातली इंडक्शन भट्टी रात्री बंद पडली, तिच्या विद्युत्पुरवठ्यातला एससीआर जळाला आणि राखीव नग निघाला नाही, म्हणजे खरेदी अधिकाऱ्याचा दूरध्वनी सकाळी कार्यालय उघडण्याची वाट पाहत नाही. “साहेब, भट्टी थंड पडलीय. माल कधी?” एवढेच तो विचारतो. त्या वेळी संगणकाच्या पडद्यावर चेन्नईच्या गोदामात चार नग दिसत असतात, परंतु त्यांतले दोन दुसऱ्या ग्राहकासाठी राखलेले आहेत आणि उरलेले दोन परीक्षणासाठी अडविलेले आहेत, हे दिसण्यासाठी आणखी दोन पडदे उघडावे लागतात. जो घाईने “परवा देतो” म्हणतो त्याची मागणी त्या दिवशी नोंदली जाते. जो दहा मिनिटे मागून, नीट पाहून, “दोन नग शुक्रवारी दुपारपर्यंत, उरलेल्यांचे उद्या अकरापर्यंत सांगतो” असे म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आत खरोखरच सांगतो, त्याच्याकडे तो अधिकारी पुढची दहा वर्षे येत राहतो. पहिल्या प्रकारच्या माणसामुळे तिकडे पाळीचे कामगार रिकामे बसतात, त्याचा हिशेब वितरकाच्या कोणत्याही खतावणीत दिसत नाही, म्हणूनच तो हिशेब विक्रेत्याने स्वतःच्या मनाशी ठेवला पाहिजे.

करोनाच्या साथीनंतर २०२१ आणि २०२२ या वर्षांत जगभर आयसींचा दुष्काळ पडला तेव्हा या गोष्टीची कसोटी लागली. एरवी तीन-चार महिन्यांत येणाऱ्या भागांना वर्षाची मुदत सांगितली जाऊ लागली, ज्यांची मागणी आधी नोंदली होती त्यांनाही कोटा ठरवून थोडाथोडा माल मिळू लागला, आणि खुल्या बाजारातून अव्वाच्या सव्वा भावाने आणलेल्या मालात पुसून नव्याने छापलेले बनावट नग निघू लागले. अशा काळात अधिकृत वितरकाच्या कर्मचाऱ्यावर दोन्हीकडून दडपण येते: वरून वरिष्ठ म्हणतात की मोठ्या ग्राहकाला आधी द्या, खालून ओळखीचा लहान कारखानदार विनवणी करतो. कोटा ठरविणे तुमच्या हाती नसते, परंतु ठरला आहे हे खरे सांगणे तुमच्या हाती असते. “तुम्हाला या तिमाहीत माल मिळणार नाही, दुसरा पर्याय शोधा, पर्यायी भागाचा क्रमांक मी काढून देतो” असे वाक्य उच्चारण्याचे धैर्य ज्याने त्या वर्षात दाखविले असेल, त्याचे नाव बोईसरच्या लहान कारखानदारांत आजही आदराने घेतले जात असेल, याविषयी मला शंका नाही.

तिमाही म्हटले की शेवटच्या आठवड्याचा उल्लेख अपरिहार्य आहे. बड्या कंपन्यांचा सारा संसार तीन-तीन महिन्यांच्या हप्त्यांनी चालतो, आणि मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर यांच्या अखेरीस विक्री विभागातील वातावरण निराळेच होते: एप्रिलमध्ये हवा असलेला माल मार्चच्या तीस तारखेला उचलण्याविषयी ग्राहकाला गळ घातली जाते. ग्राहकाची सोय असेल तर त्यात वावगे काही नाही. परंतु मागणी नसताना बीजक फाडणे, माल वाहतूकदाराच्या आवारात ठेवून नंतर परत घेणे, किंवा उत्पादकाने एका विशिष्ट कारखान्यासाठी मंजूर केलेल्या खास दराचा माल दुसऱ्याला विकून पहिल्याच्या नावे फरकाची रक्कम वसूल करणे, हे प्रकार कोणी ‘सगळेच करतात’ म्हणून सुचविले तर स्पष्ट नकार द्यावा. त्या खास दराची व्यवस्था नव्या माणसाला समजून घ्यावी लागते: वितरक ठराविक भावाने माल घेतो, त्याहून कमी भावाने विशिष्ट ग्राहकाला विकतो आणि तुटीची भरपाई कागदपत्रे दाखवून उत्पादकाकडून मागतो, उत्पादकाचे तपासनीस पुढे काही वर्षांनी ते दफ्तर उघडतात, आणि त्या वेळी सूचना देणारा वरिष्ठ बहुधा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो, सही मात्र तुमची असते. उधारीचेही तसेच. ग्राहकाची मर्यादा भरली की संगणक पुढची मागणी अडवून ठेवतो. वसुलीचा तगादा हा लेखा विभागाचा विषय आहे असे मानून विक्रेत्याने हात झटकू नयेत, कारण बिले थकविणारा कारखाना बुडण्यापूर्वी त्याच्या फाटकावर जी चिन्हे दिसू लागतात, ती मुंबईच्या लेखापालाच्या आधी तुम्हालाच दिसणार असतात.

तारापूरच्या मुलखात काम करणाऱ्याने आणखी एक दस्तऐवज फार गांभीर्याने घ्यावा, तो म्हणजे अंतिम वापराचे प्रतिज्ञापत्र. १९६९ च्या ऑक्टोबरात अमेरिकी अणुभट्ट्यांवर सुरू झालेल्या तारापूरच्या वीजकेंद्राला १९७४ च्या पोखरण अणुचाचणीनंतर इंधनासाठी किती वाट पाहावी लागली आणि अखेर १९८२ च्या कराराने फ्रान्सकडून ते कसे मिळाले, ही हकिगत येथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. दुसऱ्या देशाच्या कायद्याने आपल्या दारातला पुरवठा कसा आटतो, याचा धडा या गावाइतका क्वचितच कोणाला मिळाला असेल. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव अमेरिकेच्या निर्बंध-सूचीत गेले आणि २०२५ च्या जानेवारीत ते तीतून निघाले. त्या केंद्राचे प्रकल्प तारापुरातही आहेत. सूचीतून नाव निघाले म्हणजे सर्व मार्ग मोकळे झाले असे समजू नये. अमेरिकी बनावटीचे काही भाग आजही ‘कोण वापरणार, कशासाठी वापरणार’ हे लिहून घेतल्याखेरीज विकता येत नाहीत, आणि वसाहतीतला एखादा लहान कंत्राटदार माल स्वतःसाठी म्हणून मागतो तेव्हा तो पुढे कोठे बसविणार, हे नम्रपणे पण निश्चयाने विचारावे लागते. त्या रकान्यात ‘सामान्य औद्योगिक वापर’ असे मोघम लिहून देण्याचा मोह टाळावा. शंका आली की कागद कंपनीच्या अनुपालन विभागाकडे धाडावा आणि त्यांचे लेखी उत्तर येईपर्यंत माल सोडू नये. ग्राहक रागावेल, चार दिवसांनी शांत होईल.

मोठेपणाचे सुख आणि दुःख दोन्ही या नोकरीत आहेत. डिसेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका हॉटेलास लागलेल्या आगीत, तेथे सभेसाठी जमलेल्या ॲरो कंपनीच्या तेरा वरिष्ठ अधिकाऱ्यांचा अंत झाला. प्रमुखासह जवळजवळ सारे नेतृत्व एका दिवसात गेले, आणि तरीही ती कंपनी उभी राहिली, वाढली. लेखी पद्धती, नोंदी आणि वाटून दिलेली जबाबदारी यांचे सामर्थ्य एवढे असते. याच पद्धतींमुळे नव्या माणसाला पहिल्या महिन्यापासून रीतसर शिक्षण मिळते, उत्पादकांचे अभियंते येऊन नवे भाग समजावून देतात, आणि एका माणसाच्या लहरीवर पगार अवलंबून राहत नाही. परंतु याच पद्धतींत तुम्ही जोडलेला ग्राहक एका पत्राने दुसऱ्याकडे सोपविला जातो, पाच रुपयांची सूट द्यावयास तीन मंजुऱ्या लागतात, आणि दोन कंपन्यांचे विलीनीकरण झाले की सांताक्रूझपासून सिंगापूरपर्यंत कोठेतरी घेतलेल्या निर्णयाने तुमचा विभागच नाहीसा होतो. याचे दुःख मनाला लावून घेऊ नये. कारखान्यांतील माणसांशी जडलेली ओळख बदलीच्या हुकुमाने मोडत नाही.

नेमणूकपत्र वाचताना प्रथम हे पाहावे की मालक कोण. गोदामातील अनेक जागा मक्तेदाराच्या हजेरीपटावर भरल्या जातात. फाटकावर पाटी एका कंपनीची आणि पगाराच्या पत्रकावर नाव दुसऱ्याचे, असे असेल तर कायम होण्याची अट कोणती, हे लेखी मागावे. ‘वार्षिक खर्च’ म्हणून सांगितलेल्या रकमेत मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा, उपदानाची तरतूद आणि विक्रीवर अवलंबून असलेला भाग धरलेला असतो, म्हणून दरमहा हातात किती पडेल हे आकड्याने विचारण्यात कमीपणा मानू नये. वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विम्याचा क्रमांक मिळाला की नाही ते पाहावे, आणि निधीचा सार्वत्रिक खातेक्रमांक (यूएएन) जुन्या नोकरीचा असेल तर तोच पुढे चालवावा. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाता येणार नाही, असे कलम दिसले तर घाबरून जाऊ नये. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम अशा बंधनास मान्यता देत नाही. परंतु ग्राहकांच्या याद्या, दरपत्रके आणि मंजूर खास दर बाहेर न नेण्याचे बंधन पूर्णपणे खरे आहे, आणि नोटिशीची मुदत न पाळल्यास पगार कापला जातो हेही खरे आहे. हे सर्व पाहून झाले, की मुलाखतीच्या आधीच्या रविवारी वसाहतीतल्या ओळखीच्या एखाद्या देखभाल अभियंत्याकडे जावे, त्याच्या पॅनेलमधल्या कोणत्या भागांना माल मिळण्याची अडचण पडते ते विचारून दहा-बारा क्रमांक वहीत उतरवून घ्यावेत, त्यांची माहितीपत्रके काढून वाचावीत, आणि मुलाखतीत ‘आपल्या कंपनीकडे यांपैकी काय आहे, आणि किती दिवसांत मिळते’ असे आपणच विचारावे.